सासऱ्यांची कुळाची जमीन, सासूबाईंची हयात आणि वडिलांचं बक्षीसपत्र

प्रश्न : माझं सासर अहमदपूर तालुक्यात, माहेर उदगीरला. सासरे २०१४ मध्ये वारले, यजमान २०२३ मध्ये. मला दोन मुलं, एक १६ वर्षांचा, एक ११ वर्षांची. सासऱ्यांच्या नावावर १ हेक्टर ६२ आर जिरायत जमीन होती. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' आहे आणि इतर हक्कात 'कुळकायदा कलम ५०-ब च्या बंधनास पात्र' असं लिहिलंय. सासऱ्यांनंतर सासूबाई आणि यजमान या दोघांचीच नावं लागली, नणंदेचं लागलं नाही. आता सातबाऱ्यावर सासूबाई, मी आणि मुलं आहोत. एक जण दोन एकर घ्यायला तयार आहे आणि पाच लाख इसार देतो म्हणतो. शेजारी सांगतात की सरकारला बाजारभावाच्या निम्मे पैसे भरावे लागतील. दुसरी गोष्ट, सासऱ्यांनी स्वतः खरेदी केलेली एक एकर जमीन मृत्युपत्राने 'पत्नीने हयातभर खावी, विकू नये, तिच्या पश्चात मुलाच्या मुलांना' अशी दिली आहे. सासूबाई ती आता नणंदेला बक्षीसपत्राने द्यायचं म्हणतात. तिसरी गोष्ट, माझ्या वडिलांनी (वय ७४) उदगीरचं घर २०२१ मध्ये भावाला बक्षीस दिलं. दस्तात 'सांभाळ करावा' असं वाक्य आहे, पण भाऊ पुण्यात असतो आणि वर्षभर फिरकलेला नाही. शिवाय नणंद म्हणते, तू दुसरं लग्न केलंस तर तुझा हक्क संपेल. यातलं आमचं नेमकं काय आहे?

उत्तर : ताई, आधी शेवटचं, कारण ते तुमच्या मनाला सर्वांत जास्त लागलं असणार. दुसरं लग्न केल्याने तुमचा हक्क जात नाही. यजमान ज्या दिवशी गेले त्याच दिवशी त्यांच्या हिश्श्यातला वाटा तुमच्यात उतरला, आणि एकदा उतरलेला वारसाहक्क पुढच्या लग्नाने परत जात नाही. हिंदू वारसा कायद्याच्या २४ व्या कलमात पुनर्विवाह केलेल्या काही विधवांना वारसा नाकारलेला होता, पण तिथेही वारसा खुला होण्याच्या दिवशी त्यांचं लग्न झालेलं असण्याचीच अट होती, आणि ते कलमच २००५ च्या दुरुस्तीने रद्द झालं. हे कुणी पुन्हा ऐकवलं तर एवढंच सांगा आणि विषय बंद करा.

आता जमिनी. तुमच्या पत्रात तीन मिळकती आहेत आणि तिन्हींची मालकी तीन तऱ्हेची आहे. पहिलीत मालकी तुमची आहे, पण विकण्यावर सरकारचं बंधन आहे. दुसरीत सासूबाईंचा हक्क बहुधा त्यांच्या हयातीपुरता आहे. तिसरीत भावाला मालकी मिळाली ती एका अटीवर. सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा बघितला तर तिन्हीकडे नुसतं नाव दिसतं. कशावर मिळालं आणि काय घडलं की जातं, हे मूळ कागदात असतं. म्हणून तिन्हींचा मूळ कागद हातात आल्याशिवाय एक रुपयाचाही व्यवहार करू नका.

कुळाच्या जमिनीपासून सुरू करू. 'वर्ग २' हा शब्द ऐकला की लोक घाबरतात आणि मग मध्यस्थांचं फावतं. वर्ग २ हा जमिनीचा एक प्रकार नाही, अनेक प्रकारांवर मारलेला एकच शिक्का आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या २९ व्या कलमात त्याचा अर्थ इतकाच आहे की जमीन कायमची तुमची, पण हस्तांतरावर बंधन. बंधन कुठून आलं त्यावर सुटण्याचा रस्ता आणि खर्च ठरतो. तलाठ्याकडे गाव नमुना १-क असतो. त्यात वर्ग २ च्या जमिनींचे वेगवेगळे पोटप्रकार लावलेले असतात. तुमचा गट कोणत्या पोटप्रकारात आहे, हे त्या नमुन्याच्या प्रमाणित नकलेवर लिहून घ्या. तोंडी उत्तरावर थांबू नका.

मराठवाड्यात साधारण तीन-चार तऱ्हेच्या वर्ग २ जमिनी भेटतात. एक, कुळाला मिळालेल्या, हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा १९५० खाली. दोन, निजामकाळच्या इनामी जमिनी: उदरनिर्वाहासाठी दिलेली मदतमाश आणि देवस्थान-दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेली खिदमतमाश. यांना हैदराबाद इनामे व रोख अनुदाने रद्द करण्याचा १९५४ चा कायदा लागू होतो. तीन, सिलिंगमध्ये, म्हणजे जमीन बाळगण्याच्या कमाल मर्यादेच्या कायद्यात, शिल्लक ठरून वाटलेल्या. चार, सरकारने भूमिहीनांना किंवा माजी सैनिकांना दिलेल्या. बाजारभावाच्या टक्क्यांत नजराणा (बंधन सोडवण्यापोटी सरकारला भरायची रक्कम) लागतो तो मुख्यतः इनामी आणि सरकारने दिलेल्या जमिनींना, आणि मदतमाशचे दरही अलीकडे बरेच खाली आले आहेत. तुमच्या शेजाऱ्यांनी कुठलं तरी इनामी जमिनीचं प्रकरण पाहिलेलं असावं. तुमच्या सातबाऱ्यावर ५०-ब आहे, म्हणजे जमीन कुळाची. तिथे हिशोब वेगळाच आहे.

संरक्षित कुळाला १९५० च्या कुळकायद्याच्या ३८-ई सारख्या कलमांखाली मालकी मिळाली तेव्हा ५०-ब ने अट घातली: जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय विक्री, दान, अदलाबदल, गहाण, पट्टा काही नाही. ही अट माणसाबरोबर संपत नाही. वारसांच्या नावाला परवानगी लागत नाही, पण अट वारसांबरोबर पुढे चालत येते. २०१४ मध्ये दुरुस्ती झाली. मालकी मिळून दहा वर्षं उलटली असतील तर पूर्वपरवानगी लागत नाही. विकणाऱ्याने विक्रीच्या आधी शेतसाऱ्याच्या ४० पट नजराणा भरायचा, घेणारा शेतकरी असला पाहिजे, त्याची जमीन सिलिंगच्या वर जाता कामा नये आणि तुकडेबंदीचा, म्हणजे ठरलेल्या क्षेत्राहून लहान तुकडे न पाडण्याच्या नियमाचा, भंग होता कामा नये. बस.

सातबाऱ्यावर क्षेत्राजवळ 'आकारणी' असा रकाना आहे, तोच शेतसारा. तिथे समजा ६ रुपये ४० पैसे असेल, तर ४० पट म्हणजे २५६ रुपये. हो, दोनशे छप्पन्नच. या कामासाठी कुणी लाखात बोलत असेल तर तो शासनाचा दर सांगत नाही. तहसीलदारांकडे अर्ज करा. सोबत चालू सातबारा, ८-अ, कुळाचं ३८-ई चं प्रमाणपत्र किंवा त्याची नोंद असलेला फेरफार आणि वारसाचे फेरफार जोडा. रक्कम चलनाने भरा, चलनाची प्रत जपा, आणि तलाठ्याकडून बंधन कमी केल्याचा व वर्ग १ केल्याचा फेरफार मंजूर करून घ्या. प्रमाणपत्र घरात सापडत नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कुळ रजिस्टर आणि १९५४-५५ चं खासरा पाहणीपत्रक मागा. बरंच जुनं दप्तर उर्दूत आहे, त्यामुळे वाचून देणारा जाणकार सोबत न्या आणि नकलेवर गट नंबराच्या बरोबरीने जुना सर्व्हे नंबर ताडून बघा. गटवारीत नंबर बदललेले असतात आणि निम्म्या चुका तिथेच होतात.

नजराणा न भरताच खरेदीखत झालं तर तो व्यवहार अवैध ठरतो. पुढे जमीन सरकारजमा करण्याची कार्यवाही सुरू होऊ शकते आणि त्यात विकणाऱ्याचीही जमीन जाते, घेणाऱ्याचेही पैसे अडकतात. अडीचशे रुपयांच्या चलनापायी चार एकर धोक्यात घालू नका.

पण ताई, नजराणा हा तुमच्या अडचणीचा लहान भाग आहे. मोठा भाग नणंदेचं नाव हा आहे.

सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून हक्क नाही, असं होत नाही. सातबारा हा महसुलाचा अभिलेख आहे. त्यातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, पण नोंदीने मालकी तयार होत नाही आणि नोंद नसल्याने मालकी मरत नाही. २०१४ मध्ये तलाठ्यापुढे 'मला हिस्सा नको' असा जबाब नणंदेने दिला असेल किंवा शंभराच्या स्टॅम्पवर सही केली असेल, तरी त्याने हक्क सुटत नाही. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर दुय्यम निबंधकाकडे नोंदलेलं हक्कसोडपत्रच लागतं. ते नसेल तर नणंद आजही सहहिस्सेदार आहे.

प्रमाणपत्र सासऱ्यांच्या स्वतःच्या नावाने आहे असं धरून वाटे मांडू. (कूळ त्यांचे वडील असतील तर गणित बदलेल, म्हणून प्रमाणपत्रावरचं नाव आधी बघा.) सासऱ्यांचे वारस तिघे: सासूबाई, यजमान, नणंद. प्रत्येकाला एक तृतीयांश, म्हणजे बारातले चार. यजमान गेल्यावर त्यांचे चार वाटे चौघांत गेले: तुम्ही, दोन मुलं आणि सासूबाई. मुलाची आई ही पहिल्या वर्गाची वारस असते, हे बरेच जण विसरतात. म्हणजे आज सासूबाईंचे बारातले पाच, नणंदेचे चार, तुमचा एक आणि मुलांचे एकेक. १६२ आरमध्ये एक वाटा साडेतेरा आरचा पडतो. तुम्ही तिघं मिळून साडेचाळीस आर, जवळजवळ बरोबर एक एकर.

घेणाऱ्याला दोन एकर हवेत. म्हणजे तुमच्या तिघांच्या हिश्श्याच्या दुप्पट. सासूबाई किंवा नणंद यांच्या सहीशिवाय ते होणारच नाही. तुम्ही एकट्याने अविभक्त हिस्सा विकू शकता, पण घेणाऱ्याला अमुक बांधापासून तमुक बांधापर्यंतची जमीन मिळत नाही. तो तुमच्या जागी फक्त सहहिस्सेदार होतो आणि त्याला वाटपाचा दावा लावावा लागतो. ज्यांच्या सह्या नाहीत त्यांचा हक्क त्या खरेदीखताने जात नाही.

मुलांचा हिस्सा हा आणखी नाजूक भाग. अज्ञानाची, म्हणजे १८ वर्षांखालच्या मुलाची, स्थावर मिळकत विकायची तर हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ८ प्रमाणे न्यायालयाची आगाऊ परवानगी घ्यावी. ती नसेल तर मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत विक्री रद्द करून मागू शकतं. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतल्या अविभक्त हिश्श्याला हे कलम लागत नाही असं सांगणारे वकील भेटतील, आणि काही परिस्थितींत ते बरोबरही असतं. तरी यजमानांकडून वारसाने आलेल्या हिश्श्यासाठी परवानगी घेतलेली बरी. मुलांच्या वाट्याचा पैसा त्यांच्या नावाने मुदतठेवीत ठेवू अशी हमी अर्जात लिहा, न्यायालय हेच बघतं. थोरला १६ चा आहे. दोन वर्षं थांबता आलं तर त्याची सही तो स्वतः करेल.

मुलांना वेगळे तुकडे करून देण्याचा विचार असेल तर थांबा. जिरायतीला प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे वेगळं काढता येणारं किमान क्षेत्र, २० गुंठे, बागायतीला १० गुंठे आहे (एक आर म्हणजे जवळपास एक गुंठाच). साडेतेरा आर जिरायत वेगळी काढली तर तो तुकडा ठरतो. तुमच्या तिघांचा मिळून एक एकराचा एकच गट राहू द्या.

आता मृत्युपत्राची एक एकर. इथे सगळं एका वाक्याच्या अर्थावर उभं आहे, म्हणून ते मृत्युपत्र शब्दन् शब्द वाचायला हवं. दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत का, ते आधी बघा. त्यांच्याशिवाय मृत्युपत्र टिकत नाही. मराठवाड्यात प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचं न्यायालयाचं प्रमाणपत्र, घेणं सक्तीचं नाही, त्यामुळे 'प्रोबेट नाही म्हणून मृत्युपत्र रद्द' असं कुणी म्हणालं तर ते मानू नका.

सासऱ्यांना स्वकष्टाची मिळकत कुणालाही, कितीही काळापुरती देता येत होती. 'हयातभर खावी, पश्चात नातवंडांना' याचा सरळ अर्थ असा की सासूबाईंना हयातीचा हक्क आणि त्या गेल्या की पूर्ण मालकी मुलांची. असा हक्कदार पीक घेईल, बटईने देईल, पण त्याने दिलेलं काहीही त्याच्या हयातीपुरतंच टिकतं. नणंदेला बक्षीस दिलं तरी सासूबाईंच्या मृत्यूच्या दिवशी ते संपेल.

अडचण कलम १४ ची आहे. हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ च्या पहिल्या पोटकलमाने हिंदू स्त्रीच्या ताब्यातली मर्यादित मालकी पूर्ण मालकी होते. दुसरं पोटकलम म्हणतं की मृत्युपत्राने किंवा बक्षीसपत्राने मुळातच मर्यादित हक्क दिला असेल तर तो मर्यादितच राहतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ च्या तुळसम्मा प्रकरणात ठरवलं की पत्नीला पोटगीचा हक्क आधीपासून असतोच. जमीन त्या हक्कापोटी दिली असेल तर कागदावर 'हयातभर' लिहिलं असलं तरी ती पूर्ण मालकीची होते. नंतरच्या काही निकालांनी स्वकष्टाच्या मिळकतीच्या मृत्युपत्रात दुसरं पोटकलम लावलं. हा परस्परविरोध डिसेंबर २०२४ मध्ये मोठ्या खंडपीठाकडे सोपवला गेला.

तुमच्या बाजूने दोन गोष्टी आहेत. जमीन सासऱ्यांची स्वकष्टाची, आणि सासूबाईंना कुळाच्या जमिनीत स्वतःचा मोठा वाटा मिळतोच, म्हणजे त्यांचं पोट या एका एकरावर अवलंबून नव्हतं. मृत्युपत्रात 'पोटगीसाठी', 'उदरनिर्वाहाकरिता' असे शब्द असतील तर मात्र पारडं सासूबाईंकडे झुकतं. 'विकू नये' या दोन शब्दांवर एकटं विसंबू नका. पूर्ण मालकी देऊन वर 'कधीच विकू नये' असं लिहिलं तर ती अट कायद्यात टिकत नाही. तुमचा आधार 'पश्चात नातवंडांना' हा आहे.

आज करायचं काम असं : त्या गटाचा सातबारा काढा. सासूबाईंचं नुसतं नाव असेल आणि इतर हक्कात 'मृत्युपत्रान्वये हयातीपुरता हक्क, पश्चात अमुक अमुक' अशी नोंद नसेल तर ती लावण्यासाठी मृत्युपत्राच्या प्रतीसह तलाठ्याकडे अर्ज द्या आणि पोच घ्या. नोंदच नसेल तर बक्षीसपत्र सहज नोंदलं जाईल, कारण दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, मालकी ठरवत नाही. बक्षीसपत्राचा फेरफार पडला तर हितसंबंधितांना नोटीस निघते, १५ दिवसांच्या आत लेखी हरकत द्या. हरकत आली की प्रकरण तक्रारी केसच्या नोंदवहीत जातं आणि मंडळ अधिकारी सुनावणी घेतात. त्यांच्या निकालाविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील ६० दिवसांत. पण मालकीचा शेवटचा निवाडा दिवाणी न्यायालयातच होतो: मुलांच्या वतीने घोषणेचा आणि मनाईचा दावा, सोबत तात्पुरत्या मनाईचा अर्ज. त्याआधी एकदा सासूबाईंजवळ बसा. लेकीला काहीतरी द्यावं असं त्यांना वाटतंय. कुळाच्या जमिनीत नणंदेचे बारातले चार वाटे आहेतच. ते सातबाऱ्यावर लावून दिले तर या एका एकराचा आग्रह कदाचित राहणार नाही.

वडिलांच्या घराचं उत्तर तुलनेने सोपं आहे, पण वेळ दवडू नये असं आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याचं कलम २३ याचसाठी आहे. सांभाळाच्या अटीवर मिळकत दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ नाकारला किंवा केला नाही, तर ते हस्तांतर फसवणुकीने किंवा दबावाने झालं असं धरून न्यायाधिकरण ते रद्द ठरवू शकतं. अट दस्तात आहे ही तुमची मोठी जमेची बाजू. ज्यांच्या दस्तात नसते त्यांची प्रकरणं इथेच पडतात, जरी जानेवारी २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मुलाने वेगळ्या कागदावर लिहून दिलेलं वचनही धरलं आणि कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचावा असं सांगितलं. हे न्यायाधिकरण उपविभागीय अधिकाऱ्यांचं असतं, म्हणून अर्ज उदगीरच्या उपविभागीय अधिकाऱ्यांकडे करायचा. तो वडिलांनी स्वतः करायचा. त्यांना शक्य नसेल तर त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती करू शकते, म्हणजे तुम्हीही, पण त्यांच्या नावाने. सोबत बक्षीसपत्राची प्रमाणित प्रत, वयाचा पुरावा, औषधांची बिलं आणि ती कुणी भरली ते, बँकेचं पासबुक, भावाला पाठवलेले संदेश जोडा. 'भाऊ येत नाही' एवढं लिहून भागत नाही. जेवण, औषध, घरदुरुस्ती यापैकी काय मागितलं, कधी मागितलं आणि काय उत्तर आलं, ते तारखांसह लिहा. भावाने घर तिसऱ्याला विकलं किंवा गहाण टाकलं तर गुंता वाढतो, म्हणून अर्जातच घराच्या विक्रीला मनाई मागा.

भाऊ म्हणेल की बक्षीस परत घेता येत नाही. सर्वसाधारणपणे ते खरं आहे. मनात आलं म्हणून दिलेलं दान रद्द होत नाही. पण दोघांनी मान्य केलेली अट, जिचं घडणं देणाऱ्याच्या मर्जीवर नाही, ती मोडली तर दान रद्द होऊ शकतं, असं मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १२६ सांगतं.

आता पाच लाखांचा इसार. आज घेऊ नका. आधी प्रमाणपत्र, नमुना १-क ची नक्कल, ४० पटीचं चलन आणि नणंदेबरोबरचा निकाल, मग इसार. घेणारा थांबायला तयार नसेल आणि पैशाची फारच नड असेल तर इसारपावती नोंदवूनच करा, रक्कम बँकेतून घ्या आणि पाच लाखांऐवजी थोडी घ्या. तिच्यात लिहा की जमीन कुळकायदा ५०-ब खालील आहे हे घेणाऱ्याला माहीत आहे, नजराणा विकणारे भरतील, सर्व सहहिस्सेदारांच्या सह्या आणि अज्ञानांसाठी न्यायालयाची परवानगी मिळाल्यापासून ६० दिवसांत खरेदीखत होईल, न मिळाल्यास इसार बिनव्याजी परत. आणि ताबा देऊ नका, थोड्या वेळापुरताही नाही. ताबा दिलेल्या इसाराला पूर्ण खरेदीखताची मुद्रांक फी लागते, आणि पेरणी करून बसलेल्या माणसाला बाहेर काढायला दिवाणी दावा लावावा लागतो. यंदाचं सोयाबीन तुम्हीच पेरा, आणि पीकपाहणीत तुमच्याच नावाने नोंदवा.